स्विफ्टला स्प्रिंग, स्पेसर की शॉकअप? चाळीस हजार कुठं घालायचे

तुमचा प्रश्न नीट वाचला. २०१५ची स्विफ्ट व्हीडीआय, ९२ हजार किमी झालेत, साताऱ्यात रोजचं ऑफिस आणि महिन्यातनं एकदा घरचे पाच जण आणि सामान घेऊन कुंभार्ली घाटानं गुहागर. भरलेली गाडी स्पीड ब्रेकरला मागनं धपकन आपटते, घाटाच्या वळणात कलंडल्यासारखी वाटते, आणि हल्ली पुढनं खटखट पण येतीय. दुकानदारानं सांगितलंय की पुढं-मागं स्पेसर (गाडी उचलायला स्प्रिंगच्या वर-खाली घालायची जाड चकती) टाका, जाड तारेच्या स्प्रिंगा टाका आणि १६ इंची अलॉय बसवा, सगळं ४० हजारात. आणि तुम्ही विचारताय यातलं आधी काय करू.

माझं उत्तर सरळ सांगतो, यातलं एकही आधी करू नका. मी कराडला २२ वर्षं सस्पेन्शनचंच काम करतोय, आणि माझ्याकडं "अपग्रेड करायचंय" म्हणून येणाऱ्या दहातल्या सात-आठ गाड्यांना अपग्रेड नकोच असतं, त्यांचं कंपनीचं सस्पेन्शन मरून गेलेलं असतं आणि मालकाला ते कळलेलं नसतं, कारण ते एका दिवसात मरत नाही. दर महिन्याला थोडं थोडं सैल होतं आणि आपण रोज त्याच गाडीत बसतो म्हणून आपल्याला वाटतं ही गाडीच अशी आहे. ९२ हजार किमी झालेल्या आणि दर महिन्याला घाट चढउतार करणाऱ्या स्विफ्टचे शॉकअप पहिलेच असतील (तुम्ही बदलल्याचं लिहिलेलं नाही) तर ते संपलेत असंच धरून चाला.

आता तुमचे त्रास एक नाहीत, तीन आहेत, आणि तिन्हीची मुळं वेगळी आहेत. हे वेगळं केल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका.

पुढची खटखट. ही बहुतेक लिंक रॉड (अँटी-रोल बारला, म्हणजे गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या दांड्याला, सस्पेन्शनशी बांधणारी छोटी दांडी), नाहीतर लोअर आर्मचा (चाकाला खालनं धरणाऱ्या हाताचा) रबरी बुश, नाहीतर शॉकअपच्या डोक्यावरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंग. घरी बघायची एक पद्धत सांगतो. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक लावा, घरातल्या कुणालातरी स्टेअरिंगवर बसवा आणि सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. तुम्ही चाकाच्या वरनं हात घालून पुढच्या स्प्रिंगवर नुसता तळवा ठेवा, बोटं वेढ्यांच्या मधे घालू नका. बेअरिंग चांगलं असेल तर स्प्रिंग गुळगुळीत फिरते. खराब असेल तर स्प्रिंग आधी पीळ खाते, अडून राहते आणि मग टक्कन सुटते, तो झटका हाताला स्पष्ट लागतो. हे एकदा हाताला कळलं की परत कुणाला विचारायची गरज लागत नाही. लिंक रॉडसाठी मात्र गाडी रॅम्पवर घ्यावी लागेल, आणि लोअर आर्मच्या मागच्या बुशाला पहार लावून हलवून बघावं लागेल, रबर फाटलेलं असेल तर ते तोंड उघडतं.

मागची धप. ही सगळ्यात महत्त्वाची, आणि दुकानदारानं चुकीचं औषध दिलंय ते हिच्यावरच. धप म्हणजे गाडी इतकी खाली बसली की बंप स्टॉपला, म्हणजे प्रवासाच्या शेवटी अडवणाऱ्या ठोकळ्याला, जाऊन आदळली. पोट घासणं वेगळं, त्यात खालनं खर्रकन पत्र्याचा आवाज येतो. तुमची धप आहे, म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा खाली जायचा प्रवास संपतोय. तो का संपतो तर दोन कारणं, एक म्हणजे वजनानं गाडी आधीच खाली बसलेली असते, आणि दुसरं म्हणजे शॉकअप त्या धक्क्याला अडवत नाही.

इथं स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामं वेगळी आहेत हे डोक्यात पक्कं बसवा, कारण बाजारात अर्धी फसवणूक यातनंच होते. वजन उचलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन उचलत नाही, तो स्प्रिंगची हालचाल मंद करतो, आत तेल आहे आणि ते बारीक छिद्रातनं आणि झडपांतनं जबरदस्तीनं जातं, त्यात स्प्रिंगची ताकद जिरते. शॉकअप गेला की स्प्रिंग खड्ड्यात जास्त खोल जाते आणि वर येताना पण कुणी धरत नाही, म्हणून गाडी ब्रेकरनंतर एकदा बसायच्या ऐवजी दोन-तीनदा डुलते. चांगल्या शॉकअपनं गाडीची उंची वाढत नाही (गॅसच्या दाबानं किंचित उचलते, तेवढंच), पण धप मात्र कमी होते.

स्प्रिंगचं गणित पण करून दाखवतो म्हणजे "जाड तार" ऐकून भुलणार नाही. समजा मागची एक स्प्रिंग १ मिमी दाबायला २ किलो लागतात, दोन्ही मिळून ४ किलो. मागच्या सीटवर तीन जण आणि डिकीत सामान असं मागच्या चाकांवर २०० किलो आलं तर गाडी ५० मिमी बसणार. आता २० टक्के कडक स्प्रिंग टाकली तर तीच गाडी ४२ मिमी बसेल. भरलेल्या गाडीत मिळाले ८ मिमी. आणि त्या ८ मिमीसाठी महिन्यातले उरलेले २८ दिवस तुम्ही एकटे ऑफिसला जाताना प्रत्येक खड्डा कमरेत घेणार. तार जाड केली की कडकपणा किती वाढतो तेही बघा, तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे १२ मिमीची तार १३ मिमी केली आणि बाकी सगळं तेच ठेवलं तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के कडक होते. दुकानात "फक्त एक मिलिमीटर जाड आहे साहेब" म्हणतात तेव्हा ते एवढं मोठं असतं.

आणि कडक स्प्रिंगबरोबर जुना शॉकअप ठेवला तर काय होतं हे मी स्वतः चुकून शिकलोय. दहा-बारा वर्षांपूर्वी पाटणचे एक शिक्षक त्यांची हॅचबॅक घेऊन आले, तुमच्यासारखीच तक्रार, मागनं बसते. मी जाड तारेच्या स्प्रिंगा टाकून दिल्या, गाडी छान उचलली, ते पण खूश. पहिल्याच पावसात घाटातनं येताना वळणावरच्या खडबडीत पट्ट्यावर गाडीची मागची बाजू उड्या मारत बाहेर सरकली. समोरनं काही येत नव्हतं म्हणून निभावलं. ते चिडले नाहीत, गाडी आणून लावली आणि म्हणाले बघा काय झालंय. शॉकअप काढले, दांडा हातानं दाबला तर पहिले दोन-तीन सेंटीमीटर काहीच अडत नव्हतं, नुसता मोकळा खाली जायचा. ७० हजार किमीचा जुना शॉकअप, त्याला कंपनीची मऊ स्प्रिंग सांभाळणं जमत नव्हतं आणि मी त्याच्यावर कडक स्प्रिंग लादली होती. स्प्रिंग जेवढी कडक तेवढी ती जोरात परत उसळते, तिला धरायला शॉकअपचा वर येतानाचा अडसर जास्त लागतो. जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या, शॉकअप नवीन टाकले, आणि त्यांची मूळची तक्रार पण गेली. तेव्हापासनं माझ्याकडं नियम आहे, शॉकअप तपासल्याशिवाय स्प्रिंगला हात लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणू दे.

आता स्पेसरचं. स्विफ्टला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबावर. मागं टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई), तिथं स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर २५ मिमीचा स्पेसर टाकला की बॉडी २५ मिमी वर जाते खरी, पण स्ट्रटच्या आतला प्रवास आहे तेवढाच राहतो, म्हणजे बंप स्टॉपला लागायचं ते लागणारच. वरनं ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, चाक पूर्ण लोंबलं की जॉइंट अजून तिरका होतो आणि ब्रेकचा होज ताणला जातो. मागं स्प्रिंगखाली स्पेसर टाकला तर वेगळंच होतं, खाली दबायला जागा मिळते पण शॉकअपची लांबी तीच, त्यामुळं चाक खड्ड्यात उतरताना शॉकअप लवकर पूर्ण ताणला जातो आणि आतनं टक्क करून अडतो. रोज शंभर वेळा असं अडलं की त्याचं आयुष्य किती राहणार. स्विफ्टला पुढं स्पेसर मी कुणालाही बसवून देत नाही. २०१५च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीनं १७० मिमी दिलाय, गुहागरच्या रस्त्याला तो पुरतो, फक्त स्प्रिंग थकून बसलेली नसली पाहिजे.

वेढ्यांच्या मधे घालायचे रबरी बफर मिळतात ते पण कुणीतरी सुचवेलच. ते घातलं की तो वेढा बंद पडतो, बाकीच्या वेढ्यांवर सगळा भार जातो, आणि पावसाळ्यात त्या रबराखाली चिखल अडकून रंग निघतो, गंज धरतो आणि नेमकी तिथंच स्प्रिंग तुटते. मी अशा तुटलेल्या स्प्रिंगा काढल्यात. भरलेल्या गाडीला दोन दिवस तात्पुरतं ठीक, कायमचं नाही. आणि स्प्रिंगचा वेढा कापणं हा तर विषयच नको, कापलेलं टोक स्प्रिंगच्या बैठकीत नीट बसत नाही, आणि गाडी खाली येते, शिवाय स्प्रिंग कडक होते, दोन्ही वाईट.

१६ इंची अलॉयबद्दल एक आकडा देतो. तुमच्या व्हीडीआयचा टायर १६५/८० आर१४, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची १३२ मिमी. वरच्या मॉडेलला, झेडडीआयला, १८५/६५ आर१५ यायचा, तिथं १२० मिमी. बाहेरचा घेर तेवढाच ठेवून १६ ला जायचं तर १९५/५५ आर१६, तिथं राहते १०७ मिमी. म्हणजे रिमच्या आणि रस्त्याच्या मधलं २५ मिमी रबर तुम्ही काढून टाकलं. खड्ड्याचा पहिला मार टायर खातो, शॉकअपचा नंबर त्याच्यानंतर. त्यात मोठं रिम जड असलं तर स्प्रिंगच्या खालचं वजन वाढतं आणि ते धरायला शॉकअपला अजून काम. सस्पेन्शन मऊ पाहिजे आणि १६ इंची अलॉय पण पाहिजे असं होत नाही. टायर संपलेत का ते तुम्ही लिहिलं नाही, संपले असतील तर १५ इंची झेडडीआयचा साइज हा सगळ्यात समजूतदार पर्याय, वळणात पण पकड वाढते. रिम मात्र चांगलं घ्या.

टायरचा विषय निघालाच आहे तर हवा. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर स्टिकर आहे, त्यावर कमी माणसांची आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असते. बहुतेक लोक चारी चाकात ३५ भरून वर्षभर तीच ठेवतात आणि मग म्हणतात गाडी कडक आहे, किंवा उलट, पाच जण बसवून पण रिकाम्या गाडीचीच हवा ठेवतात आणि मागनं गाडी वळणात लुळी वाटते. गुहागरला निघताना थंड टायरमधे मागं भरलेल्या गाडीची हवा भरा, आल्यावर कमी करा. फुकटचं काम आहे आणि फरक लगेच कळतो.

तिसरा त्रास, वळणात कलंडणं. याला लोक लगेच जाड अँटी-रोल बार शोधायला लागतात. त्याची गरज नाही. पुढचा बार गाडीला आहेच, पण त्याचे बुश आणि लिंक रॉड सैल असले तर वळणात गाडी थोडी कलंडेपर्यंत तो बार कामालाच लागत नाही. ते बदला. शॉकअप नवीन झाले की स्टेअरिंग वळवल्यावर गाडी ज्या वेगानं कलते तो वेग कमी होतो, आणि बसलेल्या माणसाला भीती वाटते ती त्या वेगाचीच. अजून एक, तुम्ही छतावर कॅरिअर लावता का? लावत असाल आणि आंब्याच्या पेट्या वर बांधत असाल तर कुठलंही सस्पेन्शन तुम्हाला वाचवणार नाही, जड सामान डिकीत तळाला आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवा, हलकं वर.

आता शॉकअप कुठले घ्यायचे. तुमच्या वापराला कंपनीच्या दर्जाचे साधे ट्विन ट्यूब (एकात एक दोन नळ्या असलेले) गॅस शॉकअप बस, मारुतीचे जेन्युइन घ्या, गॅब्रिएल घ्या किंवा मन्रो घ्या, चारी एकत्र घ्या, निदान एका अॅक्सलचे दोन तरी बरोबरच. मोनोट्यूब हा पुढचा प्रकार, एकाच नळीत तेल आणि जास्त दाबाचा गॅस मधे पिस्टन घालून वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळं लांब घाटात सतत काम करून तेलाला फेस येत नाही, थंड पण लवकर होतो. पण त्याची राइड कडक असते आणि दगड लागून नळीला पोचा आला तर आतला पिस्टन त्याच नळीत फिरत असल्यामुळं तो अडकतो. बिलस्टीन, कोनी असल्या नावांच्या मागं जायचं असेल तर आधी तुमच्या मॉडेलला बनलेला पार्ट नंबर आहे का बघा, दुसऱ्या गाडीचा "बसतो" म्हणून घेऊ नका. बिलस्टीनमधे बी६ आणि बी८ असे दोन प्रकार आहेत, बी६ कंपनीच्या उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. बी८ मधे नंबर मोठा म्हणून जास्त चांगला असं समजून लोक कंपनीच्या स्प्रिंगवर तो टाकतात, चुकीचं आहे.

अॅडजस्टेबल शॉकअप कुणी दिलाच तर जास्तीत जास्त कडक करून ठेवू नका. वर येतानाचा अडसर फार घट्ट केला की लागोपाठच्या खड्ड्यांत चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही, प्रत्येक खड्ड्याला गाडी अजून थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर येऊन पडते. म्हणजे धप जावी म्हणून पैसे घातले आणि धप वाढली. कॉइलओव्हर (आट्यांवर उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअप) तर तुमच्या कामाचेच नाहीत, ते ट्रॅकवर मिलिमीटरनं उंची लावणाऱ्यांसाठी, कोकणातल्या लाल चिखलात त्यांचे आटे एका पावसाळ्यात धरतात.

कडक स्प्रिंग कधी घ्यावी? गाडी कायम भरलेली असेल तेव्हा. मागं सीएनजीची टाकी बाहेरनं बसवलेली आहे, किंवा धंद्याचं सामान रोज आहे, अशा गाडीला वजन कधी उतरतच नाही, तिथं थोडी कडक स्प्रिंग आणि तिला जुळणारा शॉकअप योग्य. बोलेरोवाले पाटा वाढवतात तेही त्याच कारणानं. तुमची गाडी महिन्यातले दोन दिवस भरते. रिकाम्या गाडीच्या दिवसांचा विचार करून स्प्रिंग निवडा.

कायद्याचं पण सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाच्या वेगळं गाडीत करता येत नाही. कंपनीच्या दर्जाचा पार्ट बदलणं ही दुरुस्ती झाली, उंची वाढवणं खाली करणं ही वेगळी गोष्ट, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला सर्व्हेयर चाकाखाली वाकून बघतो.

म्हणून तुमच्या ४० हजारात मी काय करीन, तर चारी शॉकअप, पुढची दोन्ही माउंट बेअरिंगसकट, चारी बंप स्टॉप आणि दांड्याला धुळीपासनं वाचवणारी रबरी बुटं (बंप स्टॉपचा इतक्या वर्षांनी भुगा झालेला असतो आणि कुणी बघत नाही, तुमच्या धपचा निम्मा आवाज त्यातनं येत असेल), लिंक रॉड, बारचे बुश, लोअर आर्म बुश फाटले असतील तर पूर्ण आर्म. मग अलाइनमेंट. पैसे उरले तर ते टायरला.

काम करून घेताना तिथं उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. नवीन शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडतात का, कारण आडवा पडून राहिलेल्या ट्विन ट्यूबमधे हवा चुकीच्या जागी जाते. दांडा फिरू नये म्हणून त्याला पक्कडीनं धरत असेल तर लगेच थांबवा, चकचकीत दांड्यावर एक ओरखडा उठला की तो वर-खाली होताना ऑइल सील कापतो आणि नवा शॉकअप दोन महिन्यांत गळतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लोअर आर्मचे बोल्ट शेवटी घट्ट करायचे ते गाडीचं वजन चाकावर आल्यावर. बुशातलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरवल्या उतरवल्या ते रबर कायमचा पीळ खाऊन बसतं आणि सहा-आठ महिन्यांत फाटतं. नवीन आर्म लवकर जातात म्हणून कंपनीला शिव्या घालणारे बरेच जण येतात, आणि खरं कारण एवढंच असतं.

काम करायच्या आधी घरी टेप घेऊन एक माप घ्या. सपाट जागेवर, रिकामी गाडी, चाकाच्या मध्यापासनं वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत उंची, चारी चाकांची, कागदावर लिहून ठेवा. मग पाच जण आणि सामान भरून परत मोजा. शॉकअप बदलल्यावर ५०० किमी चालवून तेच माप पुन्हा घ्या आणि अलाइनमेंट एकदा परत बघून घ्या. मागच्या दोन चाकांत डाव्या-उजव्याचा १० मिमीच्या वर फरक असेल तर एक स्प्रिंग बसलीय, मग कंपनीच्याच मापाची जोडी बदलायची. ते आकडे मला लिहून पाठवा, भरलेल्या गाडीत मागं किती मिमी उरतात त्यावरनं स्प्रिंगचं ठरवू.